पाऊलखुणा कुणाच्या? ‘ऑर्डर फ्लो’चा दावा आणि मुंबईच्या वायद्यांचा इतिहास

१/
सकाळचे सव्वानऊ वाजलेले असतात. सानपाड्याहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे निघालेल्या हार्बर गाडीत पंचविशीतला एखादा तरुण मोबाईलवरील लाल-हिरव्या आकड्यांचे रकाने एकटक न्याहाळत उभा असतो. हे रकाने म्हणजे बड्या संस्थांच्या पाऊलखुणा, असे त्याला सांगितलेले असते. त्या वाचायला शिकले की निफ्टीचा वायदा सकाळी घेऊन दुपारी विकता येतो आणि नोकरीची गरज उरत नाही, हेही. हा धागा त्या दाव्याच्या इतिहासाविषयी आहे आणि त्या दाव्याच्या विरोधात आहे.

२/
आधी दावा नीट समजून घेऊ. बाजारात कुणी एका भावाला विकण्यासाठी थांबलेला असतो, कुणी त्याहून खालच्या भावाला घेण्यासाठी. उतावळा खरेदीदार थांबलेल्या विक्रेत्याचा भाव मान्य करतो, तेव्हा तो सौदा ‘आक्रमक खरेदी’ ठरतो. उलट घडले की ‘आक्रमक विक्री’. प्रत्येक भावावरील या दोन राशी शेजारी-शेजारी मांडल्या की ‘फूटप्रिंट’ तयार होतो. दोहोंतील फरक म्हणजे ‘डेल्टा’. कोणत्या भावावर किती उलाढाल झाली याचा आडवा आलेख म्हणजे ‘व्हॉल्यूम प्रोफाइल’.

३/
इथवर आक्षेप घेण्यासारखे काही नाही. ही मोजमापे खरी आहेत आणि अर्थशास्त्रात त्यांचा गंभीर अभ्यासही झाला आहे. आक्षेप पुढच्या पायरीला आहे: जे पडद्यावर दिसते त्यावरून मोठ्या खेळाडूचा हेतू ओळखता येतो आणि सामान्य माणूस त्याच्या आधी किंवा निदान त्याच्याबरोबर चालू शकतो. मुंबईने हे आश्वासन गेल्या दीडशे वर्षांत निरनिराळ्या वेशांत ऐकले आहे. दर वेळी जे सर्वांना दिसत होते ते उशिरा आलेले, अपुरे, किंवा दिसावे म्हणूनच ठेवलेले होते.

४/
‘वायदा’ या शब्दाचा मूळ अर्थ वचन. १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लिव्हरपूलला अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा नव्या कंपन्यांच्या समभागांत शिरला. ५,००० रुपये भरणा झालेल्या बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या समभागाचा भाव ५०,००० रुपयांच्या आसपास पोहोचला. सौदे मुदतीचे होते: आज भाव ठरवायचा, पैसे आणि समभाग पुढच्या तारखेला द्यायचे.

५/
एप्रिल १८६५ मध्ये जनरल लीने शरणागती पत्करली. बातमी मुंबईला पोहोचली तसा कापूस घसरला आणि त्यामागोमाग समभाग. १ जुलै १८६५ या मुदतीच्या दिवशी असंख्य वचने पाळता येणार नाहीत हे उघड झाले. पुढे बँक ऑफ बॉम्बे बुडाली आणि १८६८ मध्ये त्याच नावाची नवी बँक उभारावी लागली. मुंबई सरकारने १८६५ मध्येच पैजेच्या करारांना कायद्याचा आधार नाकारणारा अधिनियम केला होता.

६/
त्या काळच्या शहरातील कारकून, दुकानदार, छोटे व्यापारी मूर्ख नव्हते. ते डोळ्यांपुढे जे दिसत होते तेच वाचत होते: प्रेमचंद रायचंद काय घेतात, बँका कुणाला कर्ज देतात, टाउन हॉलसमोर गर्दी कोणत्या बाजूला झुकते. आजच्या भाषेत तो ‘ऑर्डर फ्लो’च होता, आणि तो खराही होता. खरेदी जोरदार होती, पण ती उधारीवर उभी होती. गर्दीची दिशा दिसत होती. तिच्या पायाखालची जमीन दिसत नव्हती.

७/
दुसरा प्रसंग बाजारसमित्यांचा. सानपाड्याला लागूनच आज तुर्भे-वाशीचा घाऊक बाजार आहे; विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत मुंबई शहरातून कांदा-बटाटा, मसाले, धान्य, भाजी, फळे टप्प्याटप्प्याने इथे आली. शेतमालाच्या जुन्या बाजारांत ‘हत्ता’ नावाची रीत होती. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हातात हात घालत आणि बोटांच्या खुणांनी भाव ठरवत. ज्याचा माल, तो शेतकरी समोर उभा असे. त्याला दिसे तो फक्त हलणारा रुमाल.

८/
शेतकऱ्याला बोटे ओळखण्याचे शिक्षण देऊन हा प्रश्न सुटला नाही. रुमाल दूर करणारे नियम करावे लागले. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, मुंबई प्रांताने १९२७ मध्ये कापूस बाजारांचा कायदा केला आणि महाराष्ट्राने १९६३ मध्ये शेतमाल पणनाचा. उघड लिलाव हे त्यातून आलेले तत्त्व. हा रुमाल लक्षात ठेवावा. धाग्याच्या शेवटी तो पुन्हा येणार आहे.

९/
तिसरा प्रसंग न्यूयॉर्कचा, कारण आजच्या शिकवण्यांचे कुलदैवत तिथले आहे. १८६७ मध्ये एडवर्ड कॅलहन यांनी भाव छापणारे टिकर यंत्र आणले आणि कागदी फितीवरून भाव व उलाढाल वाचण्याची विद्या जन्माला आली. जेसी लिव्हरमोर हा तिचा सर्वात प्रसिद्ध वाचक. कोवळ्या वयात तो बोस्टनच्या ‘बकेट शॉप’मध्ये सतत जिंकला. बकेट शॉप म्हणजे आपल्याकडचा डब्बा: गिऱ्हाइकाचा सौदा बाजारात जातच नाही, दुकानदार स्वतःच समोर बसलेला असतो.

१०/
न्यूयॉर्कच्या खऱ्या बाजारात तीच विद्या त्याला दगा देऊ लागली. बकेट शॉपमध्ये फितीवर छापलेल्या भावालाच सौदा होई. खऱ्या बाजारात फीत वाचून हुकूम देईपर्यंत भाव पुढे निघून गेलेला असे. त्याच्या हातातली फीत म्हणजे नुकत्याच सरलेल्या काळाची नोंद होती. पुढे त्याने प्रचंड पैसा मिळवला हे खरे. तो १९३४ मध्ये दिवाळखोर झाला आणि १९४० मध्ये त्याने आत्महत्या केली, हेही तितकेच खरे. शिकवण्यांच्या जाहिरातींत पहिला अर्धाच भाग असतो.

११/
चौथा प्रसंग त्याच हार्बर मार्गावरचा. कॉटन ग्रीन हे स्थानक कापसाच्या बाजाराचे नाव आजही मिरवते. १९२० च्या दशकात कुलाब्याचा कापूस बाजार शिवडीच्या या भागात आणला गेला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होणारे भाव मुंबईला तारेने येत आणि त्या आकड्यांवर शहरभर पैजा लागत. १९६१ मध्ये ते भाव येणे थांबले. पैजा थांबल्या नाहीत. मडक्यातून आणि पुढे पत्त्यांतून आकडा काढला जाऊ लागला आणि ‘मटका’ स्थिरावला.

१२/
मटक्याचे शौकीन जुन्या आकड्यांचे तक्ते जपून ठेवत आणि त्यांतून उद्याची ‘जोडी’ शोधत. गिरणगावातल्या चहाच्या टपरीवर हा अभ्यास अत्यंत गांभीर्याने चाले. वायदा आणि मटका एक नव्हेत. वायद्याच्या भावामागे कंपन्या, व्याजदर, पाऊस, युद्ध अशी खरी कारणे असतात; मडक्यामागे काही नसते. परंतु तक्ता पाहणाऱ्याची मनोवस्था एकच: आकडे पुरेसे बारकाईने पाहिले तर ते बोलू लागतील. आकडे बोलत नाहीत. माणूस त्यांच्या तोंडी आपली इच्छा घालतो.

१३/
पाचवा प्रसंग दलाल स्ट्रीटचा. तिथल्या गोलात सौदे ओरडून होत. कोण कुणासाठी घेतो, कोणत्या दलालाचा माणूस आज घाबरलेला आहे, हे गोलातल्या जॉबरला चेहऱ्यावरून आणि आवाजावरून कळे. खरा ‘ऑर्डर फ्लो’ तो होता: ओळखीसह, हावभावांसह, जागेवर. सानपाड्याच्या सदनिकेत किंवा गिरगावच्या चाळीत बसलेल्या गुंतवणूकदाराला त्यातले काहीच दिसत नसे. त्याला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातला भाव मिळे.

१४/
१९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने पडद्यावरील समभाग-व्यवहार सुरू केले आणि मार्च १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारानेही ‘बोल्ट’ प्रणाली आणली. पडद्याने मोठे लोकशाही काम केले: भाव सर्वांना दिसू लागला. त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली. खरेदीदार आणि विक्रेता अनामिक झाले. जून २००० मध्ये सेन्सेक्स आणि निफ्टीचे वायदे आले ते या अनामिक पडद्यावरच. ‘फूटप्रिंट’ विकणारा जे परत मिळवून देतो म्हणतो, ते याच क्षणी जाणूनबुजून पुसले गेले होते.

१५/
आता त्या तरुणाच्या पडद्याकडे परत येऊ. त्याच्या मोबाईलपर्यंत प्रत्येक हुकूम आणि प्रत्येक सौदा पोहोचत नाही. दलालाच्या ॲपमधून येतात ती थोड्या-थोड्या अंतराने टिपलेली छायाचित्रे: शेवटचा भाव, एकूण उलाढाल, वरचे पाच खरेदीभाव, पाच विक्रीभाव. दोन छायाचित्रांच्या मधल्या शेकडो सौद्यांत आक्रमक कोण होता, हे सॉफ्टवेअर अंदाजाने ठरवते. असा अंदाज करण्याची रीत ली आणि रेडी या अभ्यासकांनी १९९१ मध्ये मांडली, आणि तिच्या चुका मोजणारे संशोधनही तेव्हापासून चालू आहे. शिकवणीत मात्र अंदाजाला ‘डेटा’ म्हणतात.

१६/
संपूर्ण प्रवाह मिळतो तो बाजाराच्या इमारतीतच संगणक ठेवणाऱ्यांना. त्या सोयीचे नाव ‘को-लोकेशन’. तिथेही सर्वांना माहिती एकाच क्षणी मिळत होती का, यावरून मोठा वाद झाला. जो संगणक आधी जोडला जाई त्याला माहिती आधी मिळे, असा आक्षेप होता. एप्रिल २०१९ मध्ये सेबीने राष्ट्रीय शेअर बाजाराला ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह भरण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती वसुली रद्द केली आणि १०० कोटी रुपये गुंतवणूकदार संरक्षण निधीत भरण्यास सांगितले.

१७/
कायद्याच्या दृष्टीने त्या वादाचा निकाल काहीही असो, त्यातून एक गोष्ट निर्विवादपणे समोर आली. भांडण सेकंदाच्या सूक्ष्म अंशांवर होते, आणि ते इमारतीच्या आत असलेल्यांमधले होते. हार्बर गाडीतला तरुण त्या भांडणात पक्षकारही नव्हता. मानखुर्द ते वाशी खाडीपुलावर ज्याचे नेटवर्क जाते, त्याने या शर्यतीत उतरावे असे सांगणारा त्याचा हितचिंतक असू शकत नाही.

१८/
समजा, प्रवाह पूर्ण आणि वेळेवर मिळाला. तरी तो खरे सांगेल का? लंडनजवळच्या हाउन्स्लो येथे आई-वडिलांच्या घरी बसून नविंदर सिंग सराव अमेरिकी निर्देशांकाच्या वायद्यात हजारो मोठे विक्री-हुकूम लावत असे, ते पूर्ण होण्याआधी काढून घेण्यासाठी. ते पाहून घाबरणाऱ्यांकडून तो स्वस्तात माल घेई. ६ मे २०१० च्या ‘फ्लॅश क्रॅश’च्या दिवशीही हे चालू होते. २०१६ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. त्याची सारी युक्ती एका गृहीतावर उभी होती: लोक हुकुमांची वही वाचतात.

१९/
अधिक जवळचे उदाहरण १७ जानेवारी २०२४ चे. ३ जुलै २०२५ च्या अंतरिम आदेशात सेबीने आरोप केला की जेन स्ट्रीट समूहाने त्या सकाळी बँक निफ्टीतील समभाग आणि वायदे सुमारे ४,३७० कोटी रुपयांना घेतले आणि नंतर विकले; त्यात ६१.६ कोटींचा तोटा झाला, पण ऑप्शन्समध्ये ७३४.९३ कोटींचा नफा. समूहाने आरोप अमान्य करून दाद मागितली आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल.

२०/
पण आरोपाची रचना पाहावी. त्या सकाळी वायद्याचा ‘फूटप्रिंट’ वाचणाऱ्याला खोटे काहीच दिसले नसते. खरेदी खरी होती, मोठी होती, संस्थेची होती. त्याने शिकवल्याप्रमाणे अचूक वाचन केले असते, खरेदी केली असती आणि दुपारी तोट्यात गेला असता. कारण त्याला दिसणाऱ्या बाजारातील खरेदी दुसऱ्या बाजारातील, त्याला न दिसणाऱ्या डावाचा केवळ खर्च होती. पाऊलखुणा खऱ्या असूनही माणूस दुसरीकडेच गेलेला असू शकतो.

२१/
‘ऑर्डर फ्लो’च्या शास्त्रीय अभ्यासातील पायाभूत निबंध अल्बर्ट काईल यांचा, १९८५ सालचा. त्यात तीन पात्रे आहेत: आतली माहिती असलेला, हुकुमांचा एकत्रित प्रवाह पाहून भाव ठरवणारा, आणि कोणत्याही माहितीविना घेणारा-विकणारा. तिसऱ्याला ‘गोंगाट’ म्हटले जाते. माहीतगार त्याच्या आड लपतो आणि माहीतगाराचा नफा त्याच्याच तोट्यातून येतो. म्हणजे या शास्त्रात हार्बर गाडीतल्या तरुणासाठी जागा पहिल्यापासून राखलेली आहे. तो प्रवाहाचा वाचक नाही. तोच प्रवाह आहे.

२२/
आकडे पाहावेत. सप्टेंबर २०२४ च्या सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून अधिक. खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त नफा मिळवणारे अवघे एक टक्का. २०२३-२४ मध्ये ४३ टक्के व्यवहारी तिशीच्या आतले होते. त्याच वर्षी परदेशी संस्थांच्या नफ्यातील ९७ टक्के आणि दलाल संस्थांच्या स्वतःच्या नफ्यातील ९६ टक्के वाटा संगणकी अल्गोरिदमचा होता.

२३/
यावर उत्तर येते: ‘तोटा ऑप्शन्सवाल्यांचा, आम्ही वायदा करतो.’ वरचे आकडे दोहोंचे मिळून आहेत आणि तोट्याचा मोठा भाग ऑप्शन्सचा आहे, हे मान्य. आता वायद्याचा हिशेब करू. नोव्हेंबर २०२४ पासून निर्देशांकाच्या नव्या कराराचे किमान मूल्य १५ लाख रुपये ठरले. १ ऑक्टोबर २०२४ पासून विक्रीवरील रोखे व्यवहार कर ०.०२ टक्के होता. एका फेरीला ३०० रुपये. दिवसाला पाच फेऱ्या म्हणजे १,५००. वर्षाचे २४० दिवस धरले तर ३ लाख ६० हजार. दलाली, वस्तू व सेवा कर, मुद्रांक शुल्क आणि शिकवणीची फी वेगळी.

२४/
म्हणजे एकाच कराराचा व्यवहार करणाऱ्याने वर्षभर बरोबरीत राहायचे म्हटले तरी आधी एखाद्या कारकुनाच्या पगाराएवढी रक्कम जिंकावी लागते. दुसरे उत्तर असे: ‘काही जण जिंकतातच ना?’ जिंकतात. लाख माणसांनी नाणे उडवले तरी काही जणांना सलग दहा वेळा छापा येतो. प्रश्न तो नव्हे. जिंकणारा या विद्येमुळे जिंकला हे दाखवण्यासाठी त्याची आणि त्याच्याबरोबर शिकलेल्या सर्वांची अनेक वर्षांची सौदापत्रे लागतात. ती कुणी मांडत नाही. मांडली जातात ती एका हिरव्या दिवसाची चित्रे.

२५/
जानेवारी २०२५ मध्ये सेबीने असे स्पष्ट केले की केवळ शिक्षण देणाऱ्याने मागील तीन महिन्यांतील बाजारभाव वापरू नयेत. नियम साधा होता आणि बोलका होता. जो ताज्या भावावर बोट ठेवून ‘इथे घ्या’ म्हणतो, तो शिकवत नाही, सल्ला विकतो. आणि सल्ला विकायला नोंदणी लागते, जबाबदारी लागते. १८६५ पासून वायद्यांत माणसे आली आणि बुडाली; वचन विकणारे मात्र दर पिढीत तरले.

२६/
आता तो रुमाल. हत्त्याच्या रुमालाखालची बोटे ओळखायला शिकवणारे तेव्हाही भेटले असते आणि त्यांनी फी घेतली असती. शेतकऱ्याला आधार मिळाला तो रुमाल काढण्याची मागणी केल्याने. आजची मागणीही तशीच असायला हवी: सौद्यांची माहिती सर्वांना एकाच वेळी आणि एकाच दर्जाची मिळावी, वायदा शिकवणाऱ्याने स्वतःचा तपासलेला नफा-तोटा प्रवेशद्वारावर लावावा, आणि ॲपने गिऱ्हाइकाला त्याचा वर्षाचा एकूण तोटा पहिल्याच पानावर दाखवावा.

२७/
तोवर सानपाड्यात गाडीत चढणाऱ्याने एक साधी कसोटी लावावी. पडद्यावर मोठी हिरवी खरेदी दिसली की तीन प्रश्न विचारावेत: हे मला दिसते आहे, म्हणजे माझ्या आधी किती जणांनी पाहिले? हे दिसावे अशी कुणाची इच्छा आहे का? आणि या सौद्यात समोरचा जिंकणार असेल, तर हरणारा कोण? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला ‘फूटप्रिंट’ लागत नाही. गाडीच्या खिडकीच्या काचेत दिसणारा चेहरा पुरतो.

#धागा #मुंबईचा_इतिहास #वायदेबाजार